दगडांचा विषय

जिऑलॉजी, असं रम्या म्हणाली. म्हणायचं होतं मॅथ्स. घरातून निघताना तोंडात मॅथ्स होतं, बनशंकरीहून सुटलेल्या बसमध्ये दांडीला लोंबकळताना मॅथ्स होतं, कॉलेजच्या ऑफिसबाहेर पुढच्या मुलीच्या वेणीतल्या अबोलीकडे बघत उभी होती तोवरही मॅथ्सच होतं, आणि खिडकीआडच्या कृष्णमूर्तींनी वर न बघता "मेजर कंप्युटर सायन्स. मायनर?" असं विचारलं तेव्हा हे दुसरंच बाहेर आलं. कृष्णमूर्ती त्या ऑफिसातले सगळ्यात जुने क्लार्क. त्यांनी पेन खाली ठेवलं, चष्मा कपाळावर चढवला आणि तिच्याकडे नीट बघून कन्नडमध्ये विचारलं, कंप्युटर सोडून दगड फोडणार का, अम्मा? रांगेतल्या मुली हसल्या. मागची तर वही तोंडावर धरून हसली. इथं दुरुस्त करता आलं असतं. चुकलं सर, मॅथ्स लिहा, एवढंच म्हणायचं होतं. संध्याकाळपर्यंत कुणाच्या लक्षातही राहिलं नसतं. पण ते हसू तिच्या मानेवरून पाठीत उतरलं आणि तिथं गरम होऊन बसलं, आणि ती म्हणाली, "हौदु सर. होय, फोडणार. लिहा."

नाही, हसल्यामुळे झालं असं नाही. हसू नंतर आलं, शब्द आधी आला. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण पुढं सगळे म्हणणार होते की पोरीनं हट्टानं केलं, कुणीतरी हसलं म्हणून केलं, आणि हट्टाला कारण लागत नाही, हट्ट उतरवता येतो, तापासारखा, कपाळावर पट्टी ठेवून. शब्द आधी आला. तो कुठून आला ते तिला माहीत नव्हतं आणि ते माहीत नसणं तिला त्या क्षणी फार बरं वाटलं होतं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडातून असं काही बाहेर पडलं होतं जे कुणी आधी तिथं ठेवलेलं नव्हतं.

हा मायनर म्हणजे काय ते घरात कुणालाच धड कळलं नव्हतं. कॉलेजनं त्या वर्षीपासून नवा नियम काढला होता: मुख्य विषयाबरोबर एक छोटा विषय, मुख्य विषयाच्या बाहेरचा, दोन वर्षं शिकायचा. बाहेरचा म्हणजे किती बाहेरचा ते नियमानं सांगितलं नव्हतं, म्हणून कंप्युटरच्या सगळ्या मुलींनी उंबऱ्यातला बाहेर निवडला, मॅथ्स, स्टॅटिस्टिक्स, मॅनेजमेंट. जयसिंगरावांनी, म्हणजे रम्याच्या अप्पांनी, तिच्याकडून समजावून घेतलं, फॅक्टरीतल्या कुणाला तरी विचारलं आणि रविवारी जेवताना जाहीर केलं की मॅथ्स. ते टेलिफोनच्या फॅक्टरीत होते. त्यांच्या हातांनी जोडलेली जुनी स्विचं आता कुणाला नको होती, त्यांच्या शॉपमधली अर्धी माणसं पैसे घेऊन घरी बसली होती, आणि ते रोज संध्याकाळी फॅक्टरीच्या बसमधून उतरून न्हाणीत साबणानं फार वेळ हात धूत. हल्ली हाताला ग्रीस लागत नव्हतं तरी धूत. असा माणूस मॅथ्स म्हणाला तर त्याला तोंड वर करून काय बोलायचं. रम्या सरी, म्हणजे बरं, म्हणाली होती. सरी हा या घरातला सगळ्यात गुळगुळीत शब्द. तिच्या पूर्वजांनी राजांच्या फौजेबरोबर इथं येऊन तीनशे वर्षांत कन्नडमधून बरंच काही उचललं, पण या शब्दाइतकं काही वापरलं नसेल. अप्पा म्हणतात, आई सरी म्हणते. अक्का म्हणतात, अप्पा सरी म्हणतात. अक्का, म्हणजे अप्पांच्या थोरल्या बहीण गोजराबाई, नात्यानं रम्याच्या आत्या, पण सगळ्या गल्लीच्या अक्का, त्या कुणालाही सरी म्हणत नाहीत.

"का?" अप्पांनी त्या संध्याकाळी विचारलं.

"असंच."

"असंच म्हंजे काय गे? असंच कुणी तुळशीला पाणीबी घालत नाही."

"मॅथ्सची बॅच भरली होती."

हे खोटं होतं, आणि अप्पांना दुसऱ्या दिवशी फॅक्टरीतून कॉलेजात फोन करून ते कळलंही. फोन बनवणारा माणूस, फोन करणारच. मग का. मग शंभूमामा आले, आईचे धाकटे भाऊ शंभूराज, जे. पी. नगरहून स्कूटरवर, सुट्टीच्या दिवशीसुद्धा कंपनीचं ओळखपत्र गळ्यात. मामा एका सॉफ्टवेअर कंपनीत होते आणि दोन हजार साल उजाडलं की जगातले सगळे कंप्युटर बंद पडणार, ते चालू ठेवायला माणसं लागणार, ती माणसं आपण, असं ते गेलं वर्षभर सांगत होते. ते सोफ्यावर बसून म्हणाले, "लिसन रम्या, मी तुला ओरडत नाही, मी लॉजिकली विचारतो. का?" तिनं सांगितलं, तेलाच्या कंपन्या घेतात म्हणे. "तेलाच्या कंपन्या तुला घेणार? तू त्या समुद्रात जाऊन भोक पाडणार? अक्का, ऐका, तुमची भाची समुद्राला भोक पाडायलीय." अक्का मेथी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "पाडंना का. तू चहा पी." वर्गातल्या मुलींना रम्यानं सांगितलं की सोपं असतं, मार्क पडतात. शेजारच्या मामींना सांगितलं, कॉलेजनंच दिलं. प्रत्येकाला नवं कारण, आणि प्रत्येक कारण दिल्यावर तोंडात पातळ पातळ काहीतरी राहायचं, जसं काही तिनं त्या शब्दात पाणी घातलं होतं. आणि राग. आधी त्यांच्यावर, मग लगेच स्वतःवर, की आपण का देतो कारणं, कुणी मागितलं की लगेच काहीतरी काढून हातावर का ठेवतो, दारात उभ्या असलेल्याला रिकाम्या हातानं पाठवू नये म्हणून शिकवलंय तसं. कंप्युटर का, असं कुणी विचारलं नव्हतं. त्याला कारण नको होतं. कंप्युटर म्हणजे हवा, सगळे घेतात, न घेणाऱ्याला विचारायचं की बाई, तू श्वास का घेत नाहीस.

खरं कारण होतं. ते नंतर आलं, शब्दानंतर, हसण्यानंतर, तीन दिवसांनी, आणि ते कारण म्हणून कुणापुढं ठेवण्यासारखं नव्हतं. जिऑलॉजीला सगळ्या मिळून सहा मुली. शिकवणाऱ्या मॅडमनी पहिल्याच तासाला खडू हातात घेतला नाही. त्यांना बसमध्ये घालून शहराबाहेरच्या एका बंद पडलेल्या खाणीवर नेलं. खाण म्हणजे एक मोठा खड्डा, तळाशी हिरवं पाणी, कडेला उभे कापलेले करडे दगड, तेच ते, घराघरांच्या कंपाउंडला उभे रोवलेले असतात ते, ज्यांच्यावर ती लहानपणी परकर वाळत घालायची. मॅडमनी प्रत्येकीच्या हातात हातोडा दिला. हातोडा आईच्या खलबत्त्यापेक्षा जड होता. मारा म्हणाल्या. कडेला मारा, मधे नको. रम्यानं मारला तो पहिला घाव घसरला आणि मनगटात मुंग्या आल्या. दुसरा बसला. दगडाचा एक तुकडा सुटून पायाशी पडला आणि जिथून तो सुटला तिथून वास आला. जळल्यासारखा, पण काही जळत नव्हतं. दिवाळीच्या सकाळी टिकल्या फोडल्यावर येतो त्याच्या जवळचा, पण त्याहून थंड. तिनं वाकून त्या ताज्या फुटलेल्या जागेला नाक लावलं. मॅडम म्हणाल्या, बघा, ही बाजू आजवर कुणी बघितलेली नाही, उजेडसुद्धा आज पहिल्यांदा पडतोय हिच्यावर. बाकीच्या मुलींनी ते वहीत लिहून घेतलं. रम्यानं लिहिलं नाही. तिच्या पोटात काहीतरी सरकून नीट बसलं, कपाटाचा अडकलेला खण अचानक आत जावा तसं, आणि तिला वाटलं, हे. एवढंच. हे. पुढं काही नाही. बसमध्ये परत येताना ती बोटं नाकाशी धरून बसली होती.

आता हे घरी सांगायचं. अप्पा, वास आला म्हणून. सांगितलं असतं तर काय झालं असतं ते तिला बसल्या जागी दिसायचं. अप्पा गप्प बसले असते, ते वाईट. मामा हसले असते, ते त्याहून वाईट नव्हतं. आणि आई म्हणाली असती, असू दे की, पोरीला आवडलं तर असू दे, आणि मग तो वास पोरीची आवड झाला असता, भरतकामासारखी, ज्याच्यात्याच्यापुढं मांडायची, कौतुक करायचं आणि लग्नाआधी गुंडाळायची. नको. कारण सांगितलं की ते त्यांचं होतं. ते हातात घेतात, उलटंपालटं करतात, वजन बघतात, परत देतात, आणि परत मिळालेली वस्तू ती नसते. म्हणून असंच. असंच, असंच, असंच. आणि प्रत्येक 'असंच'बरोबर पाठीतली ती गरम जागा थोडी मोठी व्हायची. तिला कळत होतं की आपण एका छोट्या विषयासाठी, आठवड्यातल्या चार तासांसाठी, जेवताना ताटाकडे बघत गिळतो आहोत, अप्पांशी बोलताना दात आवळतो आहोत, न्हाणीत नळ सोडून बादलीवर हात आपटतो आहोत. छोटा होता म्हणूनच. मोठ्या गोष्टी घेतल्या त्यांनी, त्या तिनं दिल्या, न विचारता, सरी म्हणत. कुठल्या शाळेत, कुठल्या बाजूला भांग, मेडिकल की कंप्युटर. ही एवढीशी उरली होती, कोपऱ्यातली, कुणाच्या कामाची नाही, आणि तिच्यावरही—

"शुक्रवारी फूल मागू या," अप्पा म्हणाले.

बुधवारी संध्याकाळी म्हणाले. विषय बदलायचा शेवटचा दिवस शनिवार. त्यांनी हे रागानं म्हटलं नाही, हेच वाईट होतं. थकून म्हटलं, सुटल्यासारखं. "मला तू ऐकत नाहीस, तुला मी ऐकत नाही. आईला विचारू. ती म्हणेल ते दोघांनी ऐकायचं. सरी?"

आई म्हणजे भवानी. देव्हाऱ्यातली वीतभर उंचीची पितळेची मूर्ती, पूर्वजांनी घोड्यावर बांधून आणलेली असं म्हणतात. या घरात कुठलीही मोठी गोष्ट ठरली नाही की तिच्या दोन खांद्यांवर दोन फुलं ठेवतात, कंपाउंडमधल्या तगरीची, पांढरी, हलकी, ओल्या बोटानं चिकटवलेली. प्रश्न एकदाच विचारायचा, मोठ्यानं. मग सगळ्यांनी समोर बसून राहायचं. उजव्या खांद्यावरचं फूल आधी पडलं तर हो. डाव्या खांद्यावरचं पडलं तर नाही. कधी लगेच पडतं, कधी तासभर लागतो. तोवर कुणी उठत नाही, पंखा लावत नाही, खोकत नाही. येलहंकाला प्लॉट घ्यायचा होता तेव्हा विचारलं होतं, डावं पडलं, घेतला नाही. मामांचं स्थळ अप्पांनी सुचवलेल्या मुलीशी जमवायचं का, तेव्हा उजवं. कंप्युटर, उजवं. रम्या बारावीत असताना ती समोर बसून हात जोडत होती, आणि फूल पडलं तेव्हा सगळ्यांबरोबर तिनंही डोळ्यांना लावलं होतं. तेव्हा राग कुठं होता? होता का? की तो तेव्हापासूनच येत होता, लांबून, चालत, आणि आत्ता पोचला?

"देवीला जिऑलॉजी म्हणजे काय ते माहीत आहे का?" ती म्हणाली.

"दगडातच असती की ती," स्वयंपाकघरातून अक्का म्हणाल्या. "तिला नाही माहीत तर कुणाला माहीत."

अप्पा हसले. आई हसली. रम्यालाही हसू येत होतं आणि ते तिनं दाबलं, कारण या घरात असंच होतं, तुम्ही ओरडायला तोंड उघडता आणि कुणीतरी त्यात गूळ टाकतं. बसणार नाही, असं तिनं ठरवलं. गुरुवारी दिवसभर ठरवलं. बस स्टँडवर, लॅबमध्ये हिरव्या अक्षरांच्या पडद्यासमोर, मैत्रिणीबरोबर दर्शिनी हॉटेलात उभ्यानं कॉफी पिताना. मैत्रीण पुण्याची, तिचे वडील बदलीवर आलेले; ती म्हणाली, "पण तुला फिफ्टी-फिफ्टी चान्स आहेच ना? मग बस ना. जिंकलीस तर विषयच संपला." रम्या म्हणाली, "जिंकले तरी माझं काय? मग ते देवीनं दिलं." मैत्रिणीला ते पटलं नाही. तिला वाटलं, मिळाल्याशी मतलब. कदाचित तिचं बरोबर होतं. बरोबर असेल तर अजूनच राग.

तरी ती बसली. शुक्रवारी संध्याकाळी न्हाऊन, ओल्या केसांची गाठ मारून, देव्हाऱ्यासमोर मांडी घालून बसली, आणि आपण का बसलो याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं, या आठवड्यात ज्या ज्या 'का'चं उत्तर नव्हतं त्यांतलं हे सगळ्यात लाजिरवाणं. अप्पा डाव्या हाताला, बनियनवर उपरणं. मामा मागं, स्टुलावर, कारण त्यांची पँट घट्ट होती. आई भिंतीला टेकून, पदर डोक्यावर. पंखा बंद. समईचं तेल आणि उदबत्ती आणि अप्पांच्या हातांचा साबण. अक्का देव्हाऱ्याला अगदी लागून बसल्या. फुलं लावायचं काम त्यांचंच, त्यांचे अप्पा, म्हणजे रम्याचे आजोबा, गेल्यापासून. दुसऱ्या कुणी लावलेलं कधी कुणी बघितलं नाही. अक्कांची गोष्टही घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी ती सांगत नाही: त्यांना म्हैसूरला जाऊन नर्स व्हायचं होतं, त्यांच्या अप्पांनी फूल मागितलं, डावं पडलं. मग लग्न, मग दोन वर्षांत नवरा वारला, मग हे घर. सरी.

"आई भवानी," अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज जरासा फाटला. "पोरगी दगडांचा विषय घेते म्हणते. आम्हाला काही कळत नाही. तिनं तो ठेवावा तर उजवं दे. सोडावा तर डावं दे."

अक्कांनी तांब्याच्या वाटीत बोट बुडवलं. डाव्या खांद्याला लावलं. परत बुडवलं, परत डाव्या खांद्याला. फूल ठेवलं, त्याच्यावरही एक थेंब. मग तेच बोट, न बुडवता, पदराला जरा पुसून, उजव्या खांद्यावरून फिरवलं आणि दुसरं फूल ठेवलं. सगळं सावकाश, नेहमीसारखं, ओठांत काहीतरी पुटपुटत. कुणी बघत नव्हतं, म्हणजे सगळे बघत होते, पण सगळे मूर्तीच्या तोंडाकडे बघत होते. रम्या बोटाकडे बघत होती, कारण तिला देवीच्या तोंडाकडे बघायचं नव्हतं. डाव्या खांद्यावरून एक थेंब सुटला, पितळेच्या दंडावरून घरंगळत कोपरापर्यंत आला आणि तिथं थांबला.

आणि हे तिनं बघितलेलं होतं. आधी. ती आईच्या मांडीवर होती, पाच-सहा वर्षांची, आईच्या अंगावर जरीच्या काठाची निळी साडी, शेजारी जमिनीवर नवी कोरी हँडबॅग. थेंब उजव्या दंडावरून आला होता. ती मोठ्यानं म्हणाली होती, आई, देवीला घाम आला, आणि अक्कांनी तिच्याकडे वळून बघितलं होतं, ओरडल्या नाहीत, नुसतं बघितलं, आणि ती गप्प बसली होती. मग डावं फूल पडलं, कोरड्या खांद्यावरचं. आईनं टायपिंगच्या दोन्ही परीक्षा दिल्या होत्या, एका विमा कंपनीच्या ऑफिसात तिला बोलावलं होतं, सोमवारपासून जायचं होतं. फूल पडल्यावर आईनं ते उचलून डोळ्यांना लावलं, हँडबॅग कपाटावर ठेवली, साडी न बदलता पोळ्या लाटायला बसली. निळ्या साडीवर पीठ. हे सगळं रम्याला माहीत होतं, पण सुटं सुटं. निळी साडी एका जागी, थेंब एका जागी, डावं फूल एका जागी. आता ते एकमेकांना येऊन भिडलं, आणि आवाज झाला नाही हेच नवल.

अक्कांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं आणि डोळे किंचित मिटले. घाबरू नको. तेच होतं त्यात. बोलता येत असतं तर त्या म्हणाल्या असत्या, बघ कसं मिळवून दिलं तुला, कुणाला न दुखवता, तुझ्या अप्पाचा मान राखून. त्यात प्रेम होतं. ते नाकारता येत नव्हतं, आणि ते नाकारता येत नाही म्हणून तिनं नजर परत त्या बोटावर नेली. हे बोट. तीस वर्षं या घरात कुणी कुठं राहायचं, कुणी कुणाशी लग्न करायचं, कुणी नोकरीला जायचं आणि कुणी पोळ्या लाटायच्या, हे या एका ओल्या बोटानं, आणि अप्पा बिचारे देवीशी बोलतात, मनापासून बोलतात, आणि आज ते बोट माझ्या बाजूनं आहे म्हणून मी गप्प बसायचं? उजवं फूल हलत होतं. त्याची एक पाकळी सुटून वर आली होती, वारा नसताना. आता पडेल. आता पडेल आणि सगळे डोळ्यांना लावतील, अप्पा म्हणतील आईनं दिलं, मामा म्हणतील ओके फाइन, पेढे येतील, आणि उद्यापासून जन्मभर जिऑलॉजी हे भवानीनं दिलेलं, अक्कांनी मिळवलेलं, अप्पांनी मान्य केलेलं. आणि त्यातली मी कुठं, मी कुठल्या—

ती उठली. दोन पावलं. उजव्या हातानं उजव्या खांद्यावरचं फूल घेतलं आणि त्याच हातानं डाव्या खांद्यावरचं, आणि मूठ मिटली.

समईची वात तेवढी हलली.

"अगं," अप्पा म्हणाले. मग, "कुठलं पडलं?"

"पडलं नाही. मी घेतली. दोन्ही."

"म्हणजे नल अँड व्हॉइड झालं की हो हे," मामा मागून पुटपुटले.

"आई भवानीच्या अंगाला हात घातलास," अप्पा म्हणाले. ते रागावले नव्हते, त्यांचा चेहरा एखाद्यानं रस्त्यात मधेच बसमधून उतरवून दिलेल्या माणसासारखा झाला होता. "आता आम्ही काय समजायचं?"

"मी जिऑलॉजी ठेवणार, असं समजायचं."

"आणि तिनं नको म्हटलं असतं तर?"

"तरी."

"थांबायचं होतंस गे स्वल्प," अक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज रम्यानं कधी ऐकला नव्हता असा, कडू. "घाई कसली एवढी. तुझ्याच बाजूचं येत होतं की ते."

अप्पा त्यांच्याकडे वळले. "तुला काय माहीत, अक्का? कुठल्या बाजूचं येणार ते तुला काय माहीत?"

वाटी अक्कांच्या मांडीजवळ होती, ती त्यांनी जरा मागं सरकवली. आता बोलायचं होतं रम्यानं, सगळं तयार होतं तोंडात, बोट, थेंब, तीस वर्षं, येलहंकाचा प्लॉट. पण तिच्याआधी भिंतीजवळून आई बोलली.

"अक्का," आई म्हणाली, "माझ्या वेळी पाणी कुठल्या बाजूला लावलं होतं?"

डोक्यावरचा पदर खाली आला होता, तो तिनं परत घेतला नव्हता. अक्का म्हणाल्या, "काय बोलायलीस, अंबू."

"कुठल्या बाजूला?"

"पोर लहान होती. घर होतं. तू गेली असतीस दिवसभर, घर कुणी—"

"ते नाही विचारलं. कुठल्या बाजूला?"

रम्याला वाटलं आई रडेल. तिनं आईला रडताना बघितलं होतं, कांदा चिरताना, टीव्हीसमोर, आजोळहून परतताना. हे ते नव्हतं. आई सावकाश, जुळवून जुळवून बोलत होती, जसं काही बोटं किती वर्षांनी टाइपरायटरवर ठेवली आहेत आणि अक्षरं सापडताहेत की नाही ते बघते आहे. अप्पा तिच्याकडे बघत होते, मग बहिणीकडे, मग मूर्तीकडे, आणि शेवटी त्यांनी जमिनीकडे बघितलं. मामांनी गळ्यातलं ओळखपत्र शर्टाच्या खिशात घातलं.

"उजव्या," अक्का म्हणाल्या. आणि मग, कुणी विचारलं नसताना, "माझ्या अप्पांनीबी माझ्या वेळी उजव्यालाच लावलं होतं. मी बघितलं होतं. मी काय बोलले का?"

"नाही," आई म्हणाली. "तुम्ही नाही बोललात."

ती उठली. रम्यासमोर येऊन तिनं हात पुढं केला आणि रम्यानं मूठ उघडली. फुलांचा ओला लगदा झाला होता, पाकळ्या तळव्याला चिकटल्या होत्या, आईनं त्या एकेक खरवडून काढल्या. या घरात देवावरचं फूल झाडाच्या मुळाशी घालतात, पायाखाली येऊ देत नाहीत. आई स्वयंपाकघरात गेली. कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला, पत्र्याचा, आणि बंद झाल्याचा. अक्कांनी पदर तोंडाशी नेला. रम्या तशीच उभी, ओला तळवा धरून, आणि ती जे सगळं बोलणार होती ते तिच्या तोंडात तसंच होतं, पण ते आता तिनं बोलायचं नव्हतं.

आई परत आली. भिंतीजवळच्या आपल्या जागी गेली नाही. अप्पांच्या समोर, देव्हाऱ्याकडे पाठ करून, मांडी घालून बसली. तिनं हात पुढं करून पंख्याचं बटण लावायला रम्याला खूण केली. पंखा फिरायला लागला, समई विझली, आणि कुणी ती परत लावायला उठलं नाही.

"त्या विम्याच्या ऑफिसातल्या साहेबांचं नाव पुरुषोत्तम होतं," आई अप्पांना म्हणाली. "दोनदा माणूस पाठवला होता त्यांनी घरी, का आला नाहीत विचारायला. दोन्ही वेळा तुम्ही दारात होता, तुम्हीच त्याला परत पाठवलंत."